पैऱ्याची खुर्ची

कोल्हापूरचं आता काहीतरी होणार, हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की मी चष्मा काढून पुसायला घेतो. तेवढाच वेळ जातो. परवा परत दोन पोरं माझ्या वर्कशॉपमध्ये आली. गळ्यात पट्टे, पट्ट्याला कार्डं. शहर म्हणे आता स्टार्टअपचं करायचं ठरलंय, आणि आधी कुणीकुणी काय केलं त्याची माहिती गोळा करायचं काम यांच्याकडं आलंय. "काका, शेजारच्या शेडमध्ये पूर्वी काहीतरी सेंटर होतं ना? ते बंद का पडलं?"

मी म्हटलं, "चहा घेणार?"

एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं आणि त्यांना पुढं अजून कुठंकुठं जायचं होतं. चहा पिऊन, शेडचा फोटो काढून गेली बिचारी. शेडमध्ये आता मांडववाल्याचं गोदाम आहे. पत्र्यापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचल्यात. लग्नसराईत सकाळी सकाळी त्या खुर्च्या ओढल्याचा आवाज भिंतीतून येतो आणि मला क्षणभर वाटतं, आज शनिवार. मग आठवतं, की कसला शनिवार घेऊन बसलास! अक्का गेली तेव्हाच शनिवार संपले.

अक्का म्हणजे निर्मला पट्टणशेट्टी. एवढं लांब आडनाव उच्चारायचा पेशन्स उद्यमनगरात कुणाला नाही, त्यामुळं पहिल्याच आठवड्यात तिची अक्का झाली. मूळची ती निपाणीच्या अलीकडची, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. मधली बरीच वर्षं बेंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत काढलेली. तिथलं सगळं सोडून पन्नाशीत ती कोल्हापुरात का आली, हे मी तिला एकदा विचारलं होतं. "तिथं माझ्यासारख्या लई जणी हायत की," म्हणाली आणि विषय संपवला. नवरा, मुलं, घरदार यांबद्दल मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. सुती साडी, पायात पळायचे बूट, कमरेला शेडच्या किल्ल्या. चालायची भराभर. बसलेली मी तिला फार कमी वेळा पाहिली.

आमची ओळख भांडणातून झाली. माझा कारखाना म्हणजे, कारखाना म्हणायचं आपलं, दोन लेथ, एक ग्राइंडर आणि मी. शेजारची शेड कित्येक वर्षं रिकामी होती, तिथं नुकतीच काही पोरं कॉम्प्युटर घेऊन बसायला लागलेली. एके दिवशी ग्राइंडरवर काम चाललेलं असताना ही बाई थेट आत आली आणि हातानं 'बंद करा' म्हणून खुणावलं. मी बंद केला.

"अण्णा, पोरं फोनवर बोलायलेत. अर्धा तास थांबा की."

"बाई, हे उद्यमनगर हाय. वाचनालय न्हवं."

"सरी," ती म्हणाली. कानडीत 'बरं' म्हणतात ते. "मग तुमचं जेवण कधी असतंय?"

"एक वाजता."

"मग आमचे फोन एक वाजता."

आणि खरंच, त्या दिवसापासून शेडमधल्या पोरांचे महत्त्वाचे फोन माझ्या जेवणाच्या वेळेला बांधले गेले. दिल्लीचा माणूस असो नाहीतर दुबईचा, कोल्हापुरात लेथवाल्याचा डबा उघडल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही. मला मोठी गंमत वाटायची. एखाद्या दिवशी कामाच्या नादात जेवायला उशीर झाला की भिंतीवर थापा पडायच्या, "अण्णा, जेवा की वो!"

शेडचे मालक जुने फौंड्रीवाले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. उमदा माणूस. त्यांनी ती जागा अक्काला भाडं न घेता दिली, पण एक अट घातली. ती त्यांनी उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, माईक हातात घेऊन सांगितली, म्हणून मला शब्दन्‌शब्द आठवते. "अक्का, शेड तुमची. पण आमची पोरं शिकवून पुण्याला पाठवायला मी ही दिलेली न्हाय. एक तरी कंपनी हितं उभी राहून हितंच राहिली पाहिजे. न्हाय राहिली, तर मग आपण शेड दुसऱ्या कामाला लावू. चालतंय न्हवं?"

"चालतंय," अक्का म्हणाली. टाळ्या पडल्या, हलगी वाजली.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि जरा जास्तच जोरात वाजवल्या. माझा थोरला पुण्यात असतो. चांगलं चाललंय त्याचं, तक्रार काही नाही. पण कोल्हापुरात संगणकाचं शिकलेल्या प्रत्येक पोराच्या आईबापाला ठाऊक असतं की शेवटचं वर्ष संपलं की एक बॅग भरायचीय. रविवारी संध्याकाळी आमच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीसमोर उभं राहून बघा. निम्मं कोल्हापूर निम्म्या कोल्हापुराला पोचवायला आलेलं असतं. त्यामुळं दादांची अट ऐकून मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी एकदाचं तोंडावर बोललं.

त्या उद्घाटनाला झाडून सगळ्यांना फेटे बांधले होते. आमच्याकडं कुणी आलं की आधी फेटा बांधतात, मग तो का आलाय ते विचारतात. अक्कालाही बांधला, गुलाबी. ती तशीच उभी राहिली शेवटच्या भाषणापर्यंत. दुसऱ्या दिवशी बघतो तर तोच फेटा उलगडून तिनं पश्चिमेच्या खिडकीला पडदा म्हणून टांगलेला. "दुपारचं ऊन कॉम्प्युटरवर यायलतं," म्हणाली. शेवटपर्यंत तो पडदा तिथंच होता, पार विटून गेलेला.

स्टार्टअप हा शब्द तिला आवडायचा नाही. ती 'बिऱ्हाड' म्हणायची. "पाच बिऱ्हाडं हायत सध्या." कुणी नवं पोरगं आपली मोठी कल्पना घेऊन आलं की ती उभ्या उभ्या ऐकायची. पोरगं जग बदलणार, कोट्यवधी लोक वापरणार वगैरे सांगून दमलं की म्हणायची, "सरी. मग?" ते अजून थोडं सांगायचं. "सरी. मग?" असं तीनचारदा झालं की निम्मी पोरं चहा न घेताच जायची. जी उरायची त्यांना ती एक टेबल द्यायची. खुर्ची मात्र द्यायची नाही. खुर्ची ज्याची त्यानं घरून आणायची.

याचं कारण पहिल्या शनिवारी कळलं.

सकाळी भिंतीपलीकडून फरशीवर लोखंड घासल्याचा असा काही आवाज आला की मला वाटलं मारामारी लागली. मी धावत गेलो. बघतो तर पोरं आपापल्या खुर्च्या ओढत दुसऱ्याच्या टेबलाकडं निघालेली आणि तोंडं ही एवढीएवढी झालेली. मधोमध अक्का.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पैरा," अक्का म्हणाली.

पैरा म्हणजे गावाकडचा जुना रिवाज. माझी कापणी असली की तुम्ही यायचं, तुमची असली की मी यायचं. मजुरी नाही, उपकार नाही. आज तुम्ही आलात, आता पाळी माझ्यावर. अक्कानं तोच नियम शेडमध्ये लावला. शनिवारी आपलं काम बंद. आपली खुर्ची उचलायची, दुसऱ्या बिऱ्हाडाच्या टेबलाला लावायची आणि दिवसभर त्यांचं काम करायचं. पुढच्या शनिवारी त्यांनी तुमच्याकडं यायचं.

"पण खुर्ची कशाला वाहायला लावता? तिथं असतेच की," मी म्हटलं.

"आमच्यात पैऱ्याला जाताना आपला विळा आपण न्यायचा. तिथं जाऊन 'विळा द्या' म्हटलं की आपण पाहुणं झालो. पाहुण्याला चहा पाजतात, काम सांगत न्हाईत."

पोरं पहिल्यांदा लई चिडली. आमच्या गावाचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. कुणाकडं मदत मागायची म्हणजे मान खाली घालायची, आणि कुणाला आपलं काम दाखवायचं म्हणजे तो चोरणारच. त्यात दोन पोरं समोरासमोरच्या दोन पेठांतली. त्यांच्या पेठांचे संघ फुटबॉलच्या मैदानात एकमेकांची तोंडं बघत नाहीत, तर ही काय एकमेकांचं सॉफ्टवेअर बघणार! अक्कानं त्या दोघांनाच पहिल्यांदा जोडीला दिलं. दिवसभर दोघं एका टेबलाला पाठीला पाठ लावून बसले होते म्हणे. पुढच्या शनिवारी तोंडं वळली. त्यानंतर कधीतरी मी त्यांना एका ताटात मिसळ खाताना बघितलं.

"बेंगळुरूत मी काय बघितलं सांगू?" अक्का एकदा माझ्या दारात उभी राहून सांगत होती. तिच्या हातात बशीतला चहा होता. ती कायम अर्धाच कप घ्यायची. "लोकं म्हणतात पैसा, लोकं म्हणतात मोठी कॉलेजं. ते असतंयच. पण एकाला अडलं की शेजारच्या बिल्डिंगीतला माणूस उठून येतोय, अण्णा. आपल्याकडं सगळे पैलवान. ज्यानं त्यानं आपापल्या घरात दंड थोपटायचे." मग बशी माझ्या हातात देऊन ती निघून गेली. बशी धुवायची कुणी, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

आता दीपालीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

दीपाली हुपरीची. घरात चांदीचं काम, पैंजण करणारी माणसं. पैंजणाच्या कड्या जोडताना जो डाग, म्हणजे झाळ, देतात, तो कच्चा राहिला की माल परत येतो. तो कच्चा डाग कॅमेऱ्यानं ओळखायचं यंत्र ही पोरगी करत होती. हुशार, तोंडानं फटकळ, आणि आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी 'आले, गेले' न म्हणता 'आलो, गेलो' म्हणणारी. रोज हुपरीच्या बसनं यायची. आल्या आल्या ओरडायची, "अक्का, आलो वो!" आणि अक्का कुठूनतरी म्हणायची, "सरी. मग?"

यंत्र चाललं, पण हुपरीत विकलं गेलं नाही. घराघरात काम करणारी माणसं, त्यांना आपल्या डोळ्यांवर भरवसा. दीपाली पार खचली होती. त्यातच एका शनिवारी तिची पाळी गणेशच्या टेबलाला आली. गणेश आजऱ्याचा, काजूवाला. त्याच्या घरी काजूगर निवडायचं काम; अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. दीपाली दिवसभर त्याच्याकडं बसली आणि संध्याकाळी आपला कॅमेरा उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. पैंजण गेलं, काजू आलं. पुढच्या वर्षभरात त्या दोघांची मिळून एक कंपनी झाली. आजऱ्याला यंत्र बसलं, चंदगडला बसलं, गोव्याकडून विचारणा आली.

अक्का सुरुवातीला विचारायची, "सरी. मग निवडणाऱ्या बायका?" गणेशची आईच निवडायला बसायची. त्यांनी यंत्र असं केलं की त्यावर बायकाच बसतात, फक्त डोळे जाळायला लागत नाहीत. ते बघायला अक्का स्वतः आजऱ्याला गेलती. येताना माझ्यासाठी काजू आणले. "खावा," म्हणाली. "आपल्या शनिवारचे हायत."

त्या दिवसांत अक्काच्या चालण्यातही फरक पडला होता. ती मला म्हणायची, "अण्णा, हे बिऱ्हाड राहतंय बघा." दादाही येताजाता विचारायचे, "काजूचं कसं चाललंय?" आमच्या ओळीतल्या सगळ्या कारखानदारांना वाटायला लागलं होतं, की यंदा खरंच काहीतरी होणार. मीसुद्धा चष्मा पुसायचा सोडला होता.

मधल्या काळात मुंबईचे एक गृहस्थ आले होते, पैसे गुंतवणारे. त्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते सकाळी आले आणि दादांनी ऐकलंच नाही. पावणं कोल्हापुरात आलंय आणि जेवल्याशिवाय कामाचं बोलायचं? भलतंच! अक्का स्वतः कांदासुद्धा जपून खाणारी, लिंगायत घरातली. ती दारात उभी राहून "आधी काम, आधी काम" म्हणत होती आणि दादांची माणसं तिच्या अंगावरून पातेली आत नेत होती. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. पाहुण्यानं दोनदा 'पुरे' म्हटलं. आमच्याकडं दोनदा पुरे म्हणजे अजून वाढा. मग पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, त्या माणसाला खुर्चीत बसवून गणेशनं आपली कंपनी सांगायला घेतली.

चौथ्या मिनिटाला पाहुणा झोपला.

आता दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी खाकरून, टेबल वाजवून त्याला उठवलं असतं. आमच्यात पाहुण्याची झोप कोण मोडणार? एकानं हळूच पंखा त्याच्याकडं वळवला. दुसऱ्यानं फेट्याचा पडदा नीट ओढून घेतला. आणि गणेशनं, खुळ्यानं, आवाज उतरवला! अगदी कुजबुजत, पाहुण्याला त्रास होऊ नये म्हणून, त्यानं सगळं शेवटपर्यंत सांगितलं. शेवटी पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, बिनआवाजाच्या. मी दारातून बघत होतो. अक्का भिंतीकडं तोंड करून उभी होती. मला वाटलं रडतीय. जवळ गेलो तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. एवढी हसलेली मी तिला परत कधी पाहिली नाही.

पाहुण्यानं घरी जाऊन रश्श्याचं कौतुक कळवलं. पुढं काही नाही.

पैसे पुढं पुण्याहून आले, आणि पैशाबरोबर प्रश्न आला. कंपनी पुण्याला हलवा, असं पैसे देणाऱ्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशी अक्का माझ्याकडं आली आणि स्टुलावर बसली. मी लेथ बंद केला. अक्का बसली म्हणजे काहीतरी झालं.

"दीपाली आलती विचारायला," ती म्हणाली. "थांबू का म्हणती."

"मग थांब म्हणायचं की! त्यात काय विचार करायचा?"

"मी थांब म्हटलं तर ती थांबंल, अण्णा. म्हणून तर म्हणवत न्हाय."

मला राग आला. आता कबूल करायला हरकत नाही, मला त्या बाईचा भयंकर राग आला. एवढी वर्षं खपायचं, पोरांना खुर्च्या वाहायला लावायच्या, आणि तोंडाशी आलं की सोडून द्यायचं! मी म्हटलं, "अक्का, शेड जाईल."

"जाईल."

"दादांनी माईकवर सांगितलंय."

"मी पण हो म्हटलंय की माईकवर." तिनं कमरेच्या किल्ल्या मांडीवर घेतल्या. मग म्हणाली, "तिला माणसं मिळंनात. दोघातिघांशी मी सोता बोललो. कॅमेऱ्यातलं कळणारा माणूस बायकोपोरं घेऊन हितं यायचा, तर पहिलं काय विचारतोय? ही कंपनी बुडाली तर दुसरी कुठली? काय सांगू मी त्याला? ही बुडाली तर दुसरी न्हाय. पुण्यात एका रस्त्यावर चाळीस हायत."

"मग तेवढ्या होईपर्यंत कुणीतरी थांबायला नको?"

"पाहिजे," अक्का म्हणाली. "पण ते त्या पोरीनंच का?"

माझ्या पोराला तरी मी कधी थांब म्हटलं होतं? अक्का उठून गेली. चहा केला होता तो तसाच राहिला.

जायचा दिवस नेमका शनिवार आला. टेम्पो सकाळी येऊन दारात उभा. यंत्रं, खोकी, सगळं भरून झालं. गणेश पुढं बसला. आणि दीपाली दिसेना. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, म्हणून मी आत डोकावलो. शेडमध्ये तोवर एकच बिऱ्हाड उरलं होतं, उचगावचा अमोल. दूध डेअरीसाठी काहीतरी सॉफ्टवेअर करायचा तो. बाकीची पोरं वर्षभरात एकेक करून नोकरीला लागली होती. दीपालीनं आपली खुर्ची अमोलच्या टेबलाला लावली होती आणि खाली मान घालून त्याचं काम करत बसली होती.

"दीपाली, टेम्पो थांबलाय," मी म्हटलं.

"थांबू दे की काका. आज पैरा हाय."

संध्याकाळपर्यंत ती उठली नाही. टेम्पोवाल्यानं पहिल्यांदा शिव्या घातल्या, मग माझ्याकडं जेवला, मग टेम्पोतच झोपला. दिवस मावळताना पोरगी उठली, खुर्चीची घडी केली, टेम्पोत टाकली. अक्काच्या पाया पडायला वाकली तर अक्का दोन पावलं मागं सरकली.

"अक्का, जातो वो मी," दीपाली म्हणाली.

"सरी," अक्का म्हणाली. नेहमीचं 'मग?' काही तिनं विचारलं नाही.

दादा पंधरवड्यानं आले. बिचारे फार अवघडले होते. मांडववाल्यानं जागा मागितली होती, आणि दादांच्या फौंड्रीलाही दिवस बरे नव्हते. "अक्का, शब्द झालता," एवढंच म्हणाले. अक्कानं कमरेच्या किल्ल्या सोडून त्यांच्या हातात दिल्या आणि वर म्हणाली, "पत्रा एका कोपऱ्यात गळतोय, मांडववाल्याला सांगा." अमोलला साखर कारखान्यात नोकरी लागली होती. तो राहिला कोल्हापुरातच, पण ते काही दादांच्या अटीत बसण्यासारखं नव्हतं.

शेड रिकामी झाली. अक्का दिसायची थांबली. मी माझा ग्राइंडर वाटेल तेव्हा चालवू लागलो. एक वाजता जेवायला बसलो की हात आपोआप थांबायचा. पलीकडं कुणी फोनवर बोलतंय का, ते ऐकायला.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी मी स्टँडवर गेलतो. पोराला चटणी आणि भडंग पाठवायचं होतं, पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचं म्हणून. गाडीच्या दारात वादावादी चाललेली. कंडक्टर कुणालातरी म्हणत होता, "अहो मावशी, आत सीट हाय की बसायला! खुर्ची कशाला घेतलीया?"

"ही बसायला न्हाय. कामाला हाय."

मी पुढं झालो. सुती साडी, पळायचे बूट. काखेत घडीची लोखंडी खुर्ची.

"अक्का! पुण्याला?" पुण्याच्या गाडीकडं ही बाई सवतीसारखी बघायची.

"मग? उद्या शनिवार न्हाय का." जणू मीच काहीतरी विसरलो होतो. "त्या दिवशी दीपालीनं अमोलचं काम केलं. पैरा आपल्यावर राहिलाय. अमोल आता नोकरीवाला, त्याला रजा न्हाय. मग राहिलं कोण?"

"अहो पण शेड गेली, अक्का!"

"शेड गेली. आपली पाळी कुठं गेली?"

एवढं बोलून ती परत कंडक्टरकडं वळली. तो खुर्ची टपावर टाकू म्हणत होता, ती पायाशीच ठेवणार म्हणत होती. दमलेली दिसत होती. केस पांढरे झाले होते, आवाज बसला होता, पण ऐकत नव्हती. शेवटी कंडक्टरनंच हात टेकले. खुर्ची आधी आत गेली, मग ती.

खिडकीशी बसल्यावर तिनं हात बाहेर काढला. मला वाटलं निरोप घेतीय. मी पण हात वर केला.

"पार्सल द्या की वो हिकडं!" ती ओरडली. "पोराला मी देतो. पत्ता सांगा."

मी पिशवी खिडकीतून दिली आणि पत्ता सांगितला. गाडी मागं सरकायला लागली तेव्हा ती पिशवी मांडीवर घेऊन गुडघ्यानं खुर्ची सीटखाली ढकलत होती. परत काही तिनं बाहेर बघितलं नाही.

त्यानंतर अक्का मला दिसली नाही. कुणी म्हणतं निपाणीला बहिणीकडं असते, कुणी म्हणतं दीपालीनंच ठेवून घेतली. पोराचा फोन मात्र दुसऱ्या दिवशी आला. म्हणाला, "बाबा, सकाळी एक बाई खुर्ची घेऊन दारात आल्या होत्या. चटणी दिली, आत काही आल्या नाहीत. मला म्हणाल्या, शनिवारी सुट्टी असते का तुला?"

"मग? काय म्हटलास तू?"

"असते म्हटलं," पोरगा म्हणाला. "त्या म्हणाल्या, सरी. मग खुर्ची घे आणि चल."